झोपा कोणी करायचा?

'बैल गेला नि झोपा केला' ही म्हण आपण इतक्या वेळा ऐकतो आणि वापरतो, की तिचा अर्थ विचारला तर कुणीही चटकन सांगेल. वेळ निघून गेल्यावर केलेली धावपळ! पण मैत्रिणींनो, त्यातला 'झोपा' म्हणजे काय, असं एकदा कुणाला विचारून बघा. आमच्या कामोठ्यातल्या महिला मंडळात मी विचारलं, तर बहुतेकींचं उत्तर एकच. झोपा म्हणजे झोप! बैल चोरीला गेला आणि हा गडी खुशाल ताणून झोपला. इंग्रजी शाळेत जाणाऱ्या आमच्या शेजारच्या मुलीने तर वहीत त्याचं इंग्रजीही तसंच करून ठेवलं होतं.

झोपेचा इथे काही संबंध नाही. झोपा म्हणजे गोठ्याच्या तोंडाशी लावायचं कच्चं दार. चार बांबू उभे, चार आडवे, मध्ये काटक्या-कुडाचं विणकाम, की झाला झोपा. ना बिजागरी, ना कडी. रात्री उचलून लावायचा, वरून एक दोरी गुंडाळायची. गुजरातीत अजून फाटकाला 'झांपो' म्हणतात, तो या झोप्याचाच भाऊबंद शोभतो. म्हणजे बैल होता तोवर गोठा उघडा, आणि बैल गेल्यावर मालक दार विणायला बसले, असा तो सगळा प्रकार. गोठे गेले, बैल गेले, झोपाही गेला आणि आपल्या तोंडात नुसता शब्द उरला. शब्द उरला, की लोक त्यात जवळचा अर्थ भरतात. भाषेचं हे असंच चालतं, त्यात हसण्यासारखं काही नाही.

गंमत म्हणजे इंग्रजांकडेही हाच गोठा आहे, फक्त त्यात बैलाऐवजी घोडा. घोडा पळाल्यावर तबेल्याचं दार लावणं, अशी त्यांची म्हण. जॉन हेवूड नावाच्या लेखकाने १५४६ साली इंग्रजी म्हणींचं एक पुस्तक काढलं, त्यात ती आहे. म्हणजे इंग्रज आपल्याकडे यायच्या आधीच त्यांचा घोडा पळाला होता आणि आपला बैलही बहुधा गेलेला असावा! आपल्या म्हणी तिकडच्यांनी हौसेने जमवल्यासुद्धा. अल्फ्रेड मॅनवेअरिंग नावाच्या मिशनऱ्याने १८९९ साली मराठी म्हणींचा मोठा संग्रह इंग्रजी अर्थासह ऑक्सफर्डहून छापला. परक्या माणसाला आपली माणसं समजून घ्यायची तर आधी म्हणी समजून घ्याव्या लागतात, हे त्याला उमगलं होतं.

शेजारच्या त्या मुलीच्या वहीत बेसावधपणाचे आणखी दोन-तीन इंग्रजी वाक्प्रचार होते. 'कॉट नॅपिंग' म्हणजे डुलकी घेताना पकडला जाणं. हा जुना, शेक्सपिअरच्या काळात रुळलेला. 'कॉट फ्लॅट-फूटेड' हा त्या मानाने अलीकडचा, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या खेळांच्या भाषेतून आलेला. शर्यतीत किंवा खेळात माणूस चवड्यांवर उभा असला तर चटकन हलू शकतो. दोन्ही तळवे जमिनीला टेकून उभा राहिला, की गेलाच. 'ऑफ गार्ड' हा पवित्रा सुटल्याचा, तलवारबाजीच्या भाषेतला. चौथा एक विजारीवरून आहे. तो तिने वहीत लिहिला नव्हता, आणि मीही इथे सांगत नाही!

या सगळ्यांत मला एक गोष्ट सारखी दिसली. इंग्रजीत बेसावध माणसाला कुणीतरी 'पकडतं'. समोर कुणी प्रतिस्पर्धी असतो, शत्रू असतो. असे प्रसंग आपल्याला नवे नाहीत. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री पुण्याच्या लाल महालात शाहिस्तेखानाला शिवाजी महाराजांनी असंच गाठलं आणि त्याचं जिवावरचं बोटांवर निभावलं. पण आपल्या म्हणी लढाईच्या नाहीत, घरातल्या आहेत. तहान लागल्यावर विहीर खणायची. वरात पुढे निघून गेली आणि मागून घोडे आले. कुणी कुणाला पकडत नाही. वेळ तेवढी निघून जाते, आणि घरातली माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहतात. घरातली म्हण म्हटली, की ती कुणाच्या तोंडी आणि कुणाच्या वाट्याला, हे बघावंच लागतं. मला आज बोलायचं आहे ते त्याविषयीच.

त्याआधी एक जुनी गोष्ट. पंचतंत्रात आहे, महाभारतातही थोड्या वेगळ्या रूपात आहे. एका तळ्यात तीन मासे. संध्याकाळी कोळी तळ्यावरून जाताना म्हणतात, उद्या सकाळी इथे जाळं टाकू. पहिला मासा, त्याचं नाव अनागतविधाता, न आलेल्या संकटाचा आधीच विचार करणारा. तो रातोरात दुसऱ्या पाण्यात निघून जातो. दुसरा प्रत्युत्पन्नमति, वेळ येईल तेव्हा त्याला सुचतं. तो जाळ्यात सापडतो, पण मेल्याचं सोंग करतो. कोळी त्याला काठावर टाकतात आणि हा टुणकन पाण्यात. तिसऱ्याचं नावच यद्भविष्य, म्हणजे होईल ते होईल. त्याचं काय झालं ते सांगायला नको.

आता मला सांगा, आपल्या घरांत बाईचं कौतुक होतं ते कुठल्या माशासारखी वागली म्हणून? दुसऱ्या! 'आमची सून वेळ निभावून नेते हो!' ऐन वेळी सहा पाहुणे आले, घरात वाटीभर डाळ, तरी पानं वाढली गेली. महिनाअखेरीला पैसे संपले, तरी पोराच्या सहलीचे निघाले. कुठून निघाले, कुणी विचारत नाही. डब्यातून निघाले! हे कौतुक खोटं नाही, पण स्वस्त आहे. जिने आधी विचार करायचा, तिला आधी कळायला नको का? घरात किती येतं, किती जातं, कर्ज कशावर काढलंय, हे तिला सांगायचं नाही आणि जाळ्यात सापडल्यावर तिने हुशारी दाखवायची. पहिला मासा व्हायची मुभाच नाही आणि तिसरा झाली, तर म्हण तयार.

खरं म्हणजे आधीपासून तयारी ठेवणं हे बायकांनी कधी सोडलेलंच नाही. शब्दच बघा ना. बेगमी, वाळवण, साठवण. आणि आमच्या या पनवेल-उरण पट्ट्यातला खास शब्द, आगोट. पाऊस सुरू होण्याचे दिवस म्हणजे आगोट, आणि त्याआधी घरात भरून ठेवायचं सामान म्हणजेही आगोट. 'आगोट भरली का?' असं मे महिन्यात एकमेकींना विचारायचं.

आज कामोठे म्हटलं की सिडकोच्या इमारती, सेक्टरचे आकडे, मानसरोवर स्टेशन आणि सायन-पनवेल महामार्ग डोळ्यांपुढे येतो. पण वसाहतीच्या आधी इथे गाव होतं, ते अजून आहे. खाडी होती, भातखाचरं होती. गावातल्या आगरी घरांतल्या वयस्क बायकांशी बोलायला बसलं, की आगोटीचं वर्णन ऐकत राहावं. सुकट, सुके बोंबील, वाकट्या उन्हं खाऊन डब्यांत गेलेल्या. लाल मसाला कुटून बरणीत दाबलेला. कडवे वाल, पांढऱ्या कांद्याच्या माळा, चिंच, जाडं मीठ. गोवऱ्या आणि लाकूडफाटा पडवीत रचलेला. पावसात चार महिने होडी नाही, वाट नाही, मिळकत नाही. 'पावसान कंचा बाजार!' असं एक आजी मला म्हणाल्या होत्या. हे सगळं घरच्या बाईच्या डोक्यात असायचं. किती माणसं, किती दिवस, किती पायल्या. कुठे लिहून ठेवलेलं नाही, आणि तिला 'नियोजन' असंही कुणी म्हटलं नाही.

घराबाहेरही तीच रीत. खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या जमिनीत, समुद्राचं पाणी शेतात शिरू नये म्हणून गावकरी मातीचे बांध घालायचे आणि त्यात पाण्याला वाट ठेवायचे. तिला उघाडी म्हणतात. भरती आली की पाण्याच्याच जोराने तिचं दार बंद होतं आणि ओहोटीला शेतातलं पाणी ते ढकलून उघडतं. मला तर हा पाण्याचा झोपाच वाटतो. फरक इतकाच, की तो बैल जायच्या आधी केलेला आहे! बांधाला खांड पडली तर एकट्याचं शेत बुडत नाही, सगळ्यांचं बुडतं, म्हणून दुरुस्तीला सगळे उतरायचे. अलिबागकडे या सामायिक व्यवस्थेला 'जोळ' म्हणत. १९४८ साली खार जमिनीचा कायदा आला, पुढे १९७९ साली दुसरा आला, बांधांची जबाबदारी सरकारकडे गेली आणि गावाची सवय हळूहळू सुटली.

नवी मुंबई वसवतानाही हीच युक्ती मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. इथली जमीन सखल, त्यातून भराव टाकलेली. म्हणून सिडकोने धारण तलाव ठेवले. भरतीच्या वेळी मोठा पाऊस आला, तर पाणी तिथे थांबावं आणि ओहोटीला दारांतून खाडीत जावं, ही त्यामागची कल्पना. कल्पना चांगलीच. पण तलावांत गाळ साचत गेला, कांदळवन उगवलं, आणि मग गाळ काढायला परवानग्यांच्या फेऱ्या. झोपा केला, तरी दरवर्षी त्याच्या काटक्या बदलाव्या लागतात हो! जिच्या घरी कधी गोठा होता, तिला हे वेगळं सांगायला नको.

२६ जुलै २००५ कोण विसरेल? सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. मुंबई बुडाली आणि त्याच वेळी आपल्या रायगड जिल्ह्यात महाड तालुक्यातल्या जुई, दासगाव, रोहन, कोंडीवते या गावांवर दरडी कोसळल्या. त्याच वर्षी डिसेंबरात देशाचा आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. त्याच्या आदल्या डिसेंबरात त्सुनामी येऊन गेली होती. बैल गेला, झोपा केला. पण इथे म्हण कुणी तोंडावर फेकत नाही. इथे समिती नेमतात. पुढे २०२१ मध्ये महाडचंच तळिये, २०२३ मध्ये खालापूरची इर्शाळवाडी. इर्शाळवाडी तर दरडीचा धोका असलेल्या गावांच्या यादीतच नव्हती. म्हणजे कुठल्या गोठ्याला दार हवं, याचीच यादी अपुरी!

सरकारचं सोडा. घरातलं बोलू. मला ही म्हण नव्याने बोचली, ती एका घरी दहाव्याच्या दिवशी गेले तेव्हा. कुणाचं घर ते सांगत नाही. चाळिशीच्या आतली बाई, दोन मुलं, नवरा खासगी नोकरीत होता, छातीत दुखलं म्हणून नेलं तो परत आला नाही. घर कर्जावर. बँकेत काय आहे, विमा आहे की नाही, कंपनीकडून काही येतं का, हिला काही माहीत नव्हतं. त्याचा फोन कुलूपबंद. आणि आता सगळं त्या फोनातच असतं ना! बँकेचा ओटीपी त्यावर, गॅसचा नंबर त्यावर, मुलांच्या शाळेचे मेसेज त्यावर. ती कपाटातली कागदं जमिनीवर पसरून बसली होती. वीजबिलं, वॉरंटी कार्डं, जुन्या पावत्या, असं सगळं. तेवढ्यात सासरकडचे एक वडीलधारे बघत बघत म्हणाले, "आधी लक्ष नको का घालायला? आता काय उपयोग? बैल गेला नि झोपा केला!"

ती काही बोलली नाही. मी बोलले. त्या घरात ते बोलणं शोभलं की नाही, ते मला माहीत नाही, पण बोलले. म्हटलं, "काका, गोठ्याची किल्ली कुणाकडे होती?"

कारण मैत्रिणींनो, याच बाईने कधी विचारलं असेल तर तिला काय उत्तर मिळालं असेल, ते तुम्हालाही पाठ आहे. 'तुला काय करायचंय? मी आहे ना!' आणि त्याहून पुढे जाऊन तिने, तुम्ही नसताना आम्ही काय करायचं, असं विचारलं असतं, तर घरातली सगळी तिच्यावर तुटून पडली असती. असं अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते! त्यालाही आपल्याकडे म्हण आहेच. 'शुभ बोल नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली.' एकीकडे आधी विचार केला नाही म्हणून टोमणा, आणि विचार केला तर अपशकुनी. दोन्ही म्हणी एकाच तोंडून निघतात.

आपल्याकडे तर लग्नाच्या मांडवातच 'सावधान' म्हणतात. मंगलाष्टकाच्या प्रत्येक कडव्याला 'शुभमंगल सावधान'. सगळ्या महाराष्ट्रात तो शब्द मनावर घेतलेला नवरदेव म्हणून आपण जांबेच्या नारायणाची, म्हणजे समर्थ रामदासांची, कथा सांगतो. ते ऐकून मांडवातून पळाले म्हणे! अंतरपाटाच्या पलीकडे उभ्या असलेल्या मुलीने तो शब्द कसा घ्यायचा, हे मात्र आपण कधी विचारत नाही. शब्दाची गंमत अशी, की 'बेसावध' या शब्दात 'बे' फारसी आणि 'सावध' संस्कृत. दोन भाषा एकत्र आल्या तेव्हा कुठे हा शब्द झाला. आपल्या घरात तो एकट्या बाईच्या कपाळी मारतात.

भर्तृहरीने वैराग्यशतकात म्हटलंय, शरीर धड आहे, म्हातारपण लांब आहे, तोवरच माणसाने आपलं हित साधावं. घराला आग लागल्यावर विहीर खणायचा उद्योग कसला? त्याला अध्यात्म अभिप्रेत आहे. मी आपली गृहिणी, मला त्यात पासबुक दिसतं.

आणि पासबुकाची गोष्ट निघालीच आहे तर थोडं तपशिलात सांगते, कारण दहाव्याच्या दिवशी हे कुणाला सुचत नाही. नवऱ्याच्या, किंवा आपल्याही, बँक खात्यातून दरवर्षी मे-जूनच्या सुमारास ४३६ रुपये कापले जातात का, ते बघा. कापले जात असतील तर ती पंतप्रधान जीवनज्योती योजना असण्याची शक्यता आहे. कुठल्याही कारणाने मृत्यू आला तरी दोन लाखांचा विमा. वीस रुपये कापले जात असतील तर ती अपघात विम्याची योजना. या दोन्ही २०१५ साली सुरू झाल्या. बँकेत खातं उघडताना कुणीतरी सही घेतलेली असते आणि घरी माहीत नसतं. ज्याचा भविष्य निर्वाह निधी कापला जातो, असा माणूस नोकरीत असताना गेला, तर निधीशिवाय वेगळी विम्याची रक्कम मिळते, जास्तीत जास्त सात लाखांपर्यंत. शिवाय विधवेला आणि मुलांना पेन्शन असते. नोकरीच्या ठिकाणचे लोक कधी आपणहून सांगतात, कधी नाही. विचारणारीला माहीत हवं.

दुसरं, नॉमिनी. खात्यावर नॉमिनी म्हणून नाव लागलं की पैसे आपलेच झाले, असा बहुतेकींचा समज. नॉमिनी म्हणजे ते पैसे हातात घेणारा माणूस. मालक कोण, हे वारसा कायदा आणि मृत्युपत्र ठरवतं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये कंपन्यांच्या शेअर्सच्या एका प्रकरणात हे पुन्हा स्पष्ट केलं. तरी नॉमिनी नसला तर हेलपाटे कितीतरी वाढतात. कित्येक खात्यांवर लग्नाआधी लावलेलं आईचं किंवा भावाचं नाव तसंच असतं. वाईट हेतूने नव्हे, कुणाला सुचलंच नाही म्हणून. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींना चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात, म्हणजे आई आणि बायको यांत निवड करायचं संकटही टळलं! आणि दहा वर्षं कुणी न विचारलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. ती शोधायला २०२३ पासून 'उद्गम' नावाची सोय आहे. गेलेले पैसे वारसाला परतही मिळतात. म्हणजे इथे बैल गेल्यावरही परत आणता येतो.

इथेच माझं या म्हणीशी भांडण आहे. म्हण गृहीत धरते, की गोठ्यात एकच बैल होता. तो गेला, आता दार कशाला? अहो, पण गोठ्यात एकच जनावर असतं का कधी? दुसरा बैल आहे, गाय आहे, वासरू आहे. बैल गेल्याच्या दुसऱ्या दिवशी जो शेतकरी झोपा विणायला बसतो, त्याला मी मूर्ख म्हणणार नाही. मूर्ख तो, जो पारावर बसून त्याला हसतो आणि ज्याचा स्वतःचा गोठा अजून उघडा आहे! त्या दहाव्याच्या घरातल्या काकांना मी नंतर विचारलं, "तुमच्या कपाटातलं काकूंना माहीत आहे का?" ते उठून बाहेर गेले.

ती ताई मात्र उठली नाही. कागदं निवडत राहिली. बिलांच्या गठ्ठ्यात एक जुनी पगाराची स्लिप सापडली, त्यावर निर्वाह निधीचा नंबर होता. त्यावरून पुढे चार-पाच महिने खेटे घालून तिने निधीचे पैसे आणि पेन्शन दोन्ही सुरू करून घेतलं. फोनचं सिम तिने बंद पडू दिलं नव्हतं, रिचार्ज करत राहिली होती. हे तिचं तिलाच सुचलं. ओटीपी त्यावरच येत होते, पण त्यांच्या जोरावर तिने त्याच्या खात्यातून पैसे काढले नाहीत. बँकेत दाखला देऊन रीतसर अर्ज केला. कुणीतरी 'आधी काढून घे, मग सांग' असा सल्ला दिला होता, तो तिने ऐकला नाही, आणि पुढे वारसांची कागदपत्रं देताना तेच उपयोगी पडलं. आता तिच्या मुलीला, बारावीतल्या, कुठला कागद कुठे आहे ते माहीत आहे. मुलालाही आहे. तो सातवीत आहे.

पुरुषांवर मी सगळं ढकलतेय, असं काही वाचकांना वाटेल. तसं नाही. कित्येक पुरुष सांगायला बसतात आणि आपणच म्हणतो, 'मला नाही बाई त्यातलं कळत.' आगोटीच्या पायल्या तोंडी हिशेबाने मोजणाऱ्यांच्या आपण मुली-नाती. चार कागद कळत नाहीत हे कुणाला सांगायचं? आणि उलट बाजूही बघा. घरातली बाई अचानक दवाखान्यात पडली, तर गॅसचं पुस्तक, मुलांचे लसीकरणाचे कागद, दूधवाल्याचा हिशेब, सासूबाईंच्या गोळ्यांच्या वेळा हे तिच्या नवऱ्याला तरी कुठे माहीत असतं? २०२० च्या टाळेबंदीत कितीतरी घरांत हे उघडं पडलं. २४ मार्चच्या रात्री आठला घोषणा झाली आणि बाराला सगळं बंद. त्या चार तासांत किराणा दुकानांपुढे पुरुषांच्या रांगा होत्या, आणि प्रत्येकाच्या कानाला फोन. काय आणू? तूरडाळ की मूगडाळ? किती? डबा कुठला ते त्यांना ठाऊकच नव्हतं.

आमच्या इमारतीत आता आम्ही एक साधं पान करतो. वहीचंच, कोरं. नवरा-बायको दोघांनी मिळून भरायचं. खाती कुठे, विमा कुठला, कर्ज किती, नॉमिनी कोण, घराची कागदं कुठे, फोनचं कुलूप उघडणारा माणूस कोण. पासवर्ड पानावर लिहायचा नाही, तो कुणाला माहीत आहे तेवढंच लिहायचं. पान गोदरेजच्या कपाटात ठेवायचं आणि दरवर्षी मे महिन्यात, आगोटीच्या दिवसांत, काढून बदलायचं. पहिल्या वर्षी तीस घरांतल्या अकरा घरांनी भरलं. दोन घरांत त्यावरून भांडणंही झाली, कारण कर्जाचा आकडा बायकोने पहिल्यांदाच बघितला. एका घरात नवऱ्याला बायकोची भिशी पहिल्यांदा कळली!

गावातल्या त्या आगोटवाल्या आजींनाही मी ते पान दाखवलं. त्यांना वाचता येत नाही, नातसुनेने वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, यात एक रकाना कमी आहे. कुणाला काय उसनं दिलंय त्याचा. मग त्यांनी स्वतःचं पान तिच्याकडून लिहून घेतलं आणि त्या रकान्यात पहिली नोंद घालायला लावली. धाकट्या दिराला सात हजार, साल २०११. "येतील तवा येतील," त्या म्हणाल्या, "पन दिले व्हते ह्ये तरी कलू दे."